दृष्टीचं मीठ

पुंडलिकला मिळणार होतं ते नीट मांडून पाहिलं तर एवढंसंच होतं: करंगळीच्या पेराएवढा एक ठसा, त्यात एकच अक्षर, 'पुं', आणि तोही कुठं, तर वाडग्याच्या बुडाला, जिथं चहा पिणाऱ्याची नजर चहा संपेपर्यंत पोचतच नाही. कुणी म्हणेल, एवढ्यासाठी माणूस चार वर्षं जंगलात राहतो होय? पण ज्याच्या हातून अकरा वर्षांत सांडपाण्याचे लाखभर पाइप गेले, आणि कारखान्याची तीन इंग्रजी अक्षरं अंगावर घेऊन ते सगळे जमिनीखाली पुरले गेले, त्याला हे विचारावं. बुडाला का होईना, नाव जमिनीच्या वर राहणार होतं. त्याच्या जोडीला सहा महिने जपान, येण्याजाण्याचं विमान, परतल्यावर रामनगरच्या स्टँडवर चार माणसांनी सरकून दिलेली जागा, आणि 'आमच्या शकुंतलेला रानात नेऊन टाकली' म्हणणाऱ्या मेव्हण्यांची कायमची मिटलेली तोंडं. हे सगळं त्यानं वरकड धरलं होतं. मूळ हाव त्या एका अक्षराची. आणि त्या बदल्यात द्यायचं काय, कुणी, हा विचार त्यानं केला नव्हता असं नाही. केला होता आणि बाजूला ठेवला होता, पावसाळ्यात छत्री कोपऱ्यात ठेवावी तसा, पाणी गळत राहील एवढंच.

कार्तिकातली दुपार होती. पुंडलिक भट्टीच्या पोटात, पार मागच्या टोकाला, दोन्ही गुडघे टेकून बसला होता. रामनगरपासून चार मैलांवर, डोंगराच्या उतारावर पसरलेली ही अठरा फुटांची भट्टी. तोंडाशी माणूस वाकून शिरेल एवढी उंच, आणि मागे मागे निमुळती होत धुराड्याला मिळालेली. भट्टीचे मालक हेरेकर सर तिला जपानी नावानं बोलवत. गावच्या लोकांनी कॅसलरॉकच्या घाटातले रेल्वेचे बोगदे पाहिलेले, त्यांनी पहिल्याच दिवशी तिला बोगदा म्हटलं आणि तेच चाललं. भरण्याची रीत मागून पुढे. म्हणजे भरणाऱ्यानं आधी सगळ्यात अरुंद जागी जाऊन बसायचं आणि मग वाडग्यांच्या रांगांनी त्याला एकेक वीत बाहेर ढकलत आणायचं. तोंडाशी भट्टीवर कामाला येणारी केशर असायची. चार वाडगे फळीवर ठेवून ती फळी आत सरकवायची, तो वळून ओढून घ्यायचा. त्यानं मागची रांग लावली, पाठ विटांना घासत वळला आणि हात पुढे करून थांबला. फळी आली नाही. हाकही आली नाही. तोंडाशी कुणीतरी विटेवर दगड वाजवला. टक्, टक्, टक्. तीनदा.

त्या आवाजानं त्याचा हात होता तिथंच राहिला. त्याच्या बापाच्या खाटेशी एक पितळी तांब्या असायचा. तुकाराम कुंभाराला शेवटची सहा वर्षं आवाज नव्हता. तोंड उघडलं की नुसता वारा यायचा, फाटक्या भात्यातून यावा तसा. पाणी हवं असलं की तो तांब्या जमिनीवर तीनदा वाजवायचा. पोरं खेळत असली, बायको शेजारी बोलत बसली असली, तरी ते तीन ठोके घरात सगळ्यांच्या आधी पुंडलिकला ऐकू यायचे. पाइपच्या कारखान्यात तुकाराम मिठाच्या फावड्यावर होता. भट्टी पांढरीफेक तापली की मुकादम ओरडायचा, "मीठ!" आणि बाकीची माणसं धोतरं सावरत पळायची, फावड्यावरचा माणूस तेवढा थांबायचा. मीठ आगीत पडलं की पांढरा धूर उठतो, तो मातीला चिकटून तिची काच होते. पाइप आतून बाहेरून असा चकचकतो की त्याच्यावर घाण ठरत नाही. धूर मात्र माणसाच्या आतही तेच काम करायला बघतो आणि माणूस पाइप नसतो. पुंडलिक त्या फावड्यावर कधी उभा राहिला नाही. तेवढ्यासाठीच त्यानं कारखाना सोडला, असं तो लोकांना सांगायचा. आणि ते खरंही होतं. खोटं होतं ते पुढचं, की आता मिठाशी आपला संबंध उरला नाही.

"कोण हाय?" तो आतून ओरडला. भट्टीनं त्याचाच आवाज त्याच्या कानात कोंबला.

तोंडाच्या उजेडात एक डोकं आडवं झालं. केशरच होती. तिनं तोंड उघडलं, मान ताणली, गळ्याच्या शिरा उभ्या राहिल्या, आणि मग खूप उशिरानं, वाळला पाला सरकावा तसे शब्द आले. "मीच, अण्णा. गळा गेलाय. वाडगं घे."

केशरचा गळा गेला म्हणजे काय, हे त्या खोऱ्याबाहेरच्या माणसाला कळायचं नाही. पलीकडच्या उतारावर तिची आणि लखूची सहा खाचरं होती, आणि भात पिकायला लागलं की रानातून गवे उतरत. कुणी फटाके फोडायचं, कुणी रात्रभर डबे बडवायचं. केशर माळ्यावर उभी राहून हाळी द्यायची. पोटातून उठलेली ती लांबच लांब हाळी समोरच्या डोंगराला लागून परत यायची, आणि गव्यांना दोन्हीकडून माणसं आल्यासारखी वाटायची. लखू म्हणायचा, "माझ्या सासऱ्यानं हुंड्यात ह्यो आवाज दिला, म्हणून तर मी बंदूक घेतली न्हाई." दिवसा हाच आवाज भट्टीवर असायचा. पुंडलिकचे पहिले वाडगे चाकावरून उतरले तेव्हा तिनं एक उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाली होती, "ह्याला कान न्हाई, कड बघितली तर उंदरानं कुरतडल्यागत. आणि ह्येला म्हणं इमानात बसवायचं! आमच्या कोंबड्यास्नी पाणी पाजायला बी म्या असलं घ्यायची न्हाई." हेरेकर सर हसून हसून बेजार झाले होते. त्यांनी तिला समजावलं होतं की कान नसतो, कारण वाडगा दोन्ही हातांत धरायचा. कड सरळ नसते, कारण ओठ सरळ नसतो. "आणि चहा संपला की पाहुणा वाडगा उलटा करतो, बुडाला कुणाचा ठसा आहे ते बघतो, मग नमस्कार करतो." केशर म्हणाली, "आदी चा पिऊन मग इचारायचं, कुणाच्या हातचा? जातवाले दिसत न्हाईत तितं."

आज तिनं नुसती फळी सरकवली. फळीवर चार वाडगे, कच्चे, वाळून राखाडी झालेले, प्रत्येकाला भाताचं काड गुंडाळलेलं. ते काड तिच्याच खाचरातलं आणि गुंडाळणारे हातही तिचेच. आगीत काड जळून जातं आणि मातीवर त्याची तांबडी रेघ राहते. ती रेघ कुठं पडावी हे तिला जसं कळायचं तसं पुंडलिकला कधी कळलं नाही. त्यानं एक वाडगा उचलला. बुडाला 'पुं'. खाली शिंपल्यांचे तीन तुकडे मांडले, कारवारच्या तिसऱ्यांचे, म्हणजे वाडगा भट्टीच्या तळाला चिकटू नये, आणि वाडगा त्यांच्यावर टेकवला. नाव खाली गेलं. दुसरा उचलला. असे चाळीस. चाळिसांची मागणी होती.

मागणी कशी आली ते आता त्याला दरवेळी थोडं वेगळं आठवायचं, पण मूळ एकच होतं: बाजारकुणंगचा नागू. नागू बांबूच्या टोपल्या विकत हिंडायचा आणि त्याची नजर वाईट, ही गोष्ट जोयड्यापासून दिग्गीपर्यंत सगळ्यांना ठाऊक होती. त्यानं कुणाच्या फणसाला "काय लागलाय रे!" म्हटलं की त्या फणसाचं काही खरं नसायचं. तो अंगणात आला की बायका पोरांना पदराखाली घेत, टोपली विकत घेत, आणि त्याला पाणी मात्र बाहेरच देत. दोन वर्षांमागं भट्टी पेटलेली असताना, तिसऱ्या दिवशी, नागू उतार चढून आला, धुराड्यातून निघालेली हातभर ज्वाळा बघत उभा राहिला, आणि अगदी मनापासून म्हणाला, "आगागागा! काय पेटलीय! अशी भट्टी म्या जन्मात बगितली न्हाई!" केशर बाजूच्या भोकातून लाकडं सारत होती. नागू गेल्यावर ती खोपटात गेली, करवंटीत मूठभर खडेमीठ, मोहरी आणि सात मिरच्या घेऊन आली, भट्टीच्या तोंडापासून धुराड्यापर्यंत तिनं ती करवंटी ओवाळली, आणि भोकातून सगळं आगीत टाकलं. मग तडतड थांबेपर्यंत तोंड न फिरवता उभी राहिली. तिच्यात रीतच तशी. काढताना बोलायचं नाही, मीठ वाजायचं थांबेपर्यंत तोंड फिरवायचं नाही, आणि मागाहून कुणाची काढली हे बोललं की नजर आल्या वाटेनं परत येते.

पुंडलिकनं हे पाहिलं नव्हतं. त्यानं पाहिले ते आठवड्यानं भट्टी उघडल्यावर भोकाजवळचे तीन वाडगे. बाकीच्यांवर नेहमीची राख बसली होती, कोरडी, खरखरीत, हेरेकर सरांच्या तोंडाला पाणी सुटावं पण दुसऱ्या कुणाच्या सुटू नये अशी. ह्या तिघांवर ओल होती. संत्र्याच्या सालीसारखे बारीक खळगे, त्यावर पातळ काच, आणि काडाची तांबडी रेघ त्या काचेखाली, ओढ्याच्या तळाशी मूळ दिसावं तशी. त्यानं अंगठा फिरवला आणि अंगठ्यानं त्याला सांगून टाकलं. अकरा वर्षं तो अंगठा ह्याच सालीवरून फिरला होता. गटारीची चकाकी. मीठ. भोकाखाली पडलेली करवंटी त्याला सापडली, तिच्या बुडाला दोन मोहऱ्या चिकटल्या होत्या.

"वयनी, ह्या भोकातनं काय टाकलंस?"

केशरनं आभाळाकडे पाहिलं. "लाकूड."

"आणि?"

"आणि लाकूड." ती ओठ मिटून हसली, आणि त्याला कळलं की हिला फोडली तरी बोलायची नाही.

हेरेकर सर मात्र बोलतच होते. मूळचे बेळगावचे, चित्रकला शिकून जपानला गेलेले, तिथं एका म्हाताऱ्या कुंभाराकडे तीन वर्षं चिखल तुडवून दाढी घेऊन परत आलेले. त्यांनी वाडगा दोन्ही हातांत धरला आणि डोळे मिटले. मोठी माणसं डोळे मिटून वस्तू बघायला लागली की आजूबाजूच्यांनी सावध व्हावं. "हे काय आहे, पुंडलिक? हे कुठून आलं?" मीठ हा शब्द तेव्हा पुंडलिकच्या जिभेवर होता. पण ह्याच सरांनी पहिल्या वर्षी बजावलं होतं, "मिठाचं काम आपल्या भट्टीत नको. ते गटारीचं. आपल्याला माती आणि आग, बस." आणि सर त्याच्याकडे असे बघत होते की त्याच्या आयुष्यात त्याच्याकडे कुणी तसं बघितलं नव्हतं. तो म्हणाला, "किंजळीच्या लाकडाच्या राखंचा गुण असंल, सर." तिथं थांबला असता तरी चाललं असतं. पण तो पुढं म्हणाला, "आणि रचण्यात बी थोडा हात हाय." पहिलं वाक्य अडाण्याचं होतं, ते कुणीही माफ केलं असतं. त्याला अडकवलं दुसऱ्यानं.

एक वाडगा कापसात गुंडाळून जपानला गेला. म्हाताऱ्या गुरुजींचं पत्र आलं, ते सरांनी ओट्यावर उभं राहून वाचून दाखवलं. दोन दिवस गुरुजी त्याच वाडग्यातून चहा पीत होते. 'हा वाडगा हाताला समुद्रासारखा लागतो,' त्यांनी लिहिलं होतं, 'आणि तू तर लिहितोस की तुझी भट्टी जंगलात आहे.' सर म्हणाले, "काय लिहितो बघ म्हातारा! कविता!" पुंडलिक समजला. त्या म्हाताऱ्याच्या अंगठ्यानंही त्याला सांगितलं असणार. पण म्हाताऱ्यानं ते चारचौघांत उघडं केलं नव्हतं, आणि सरांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं, आणि पुंडलिकनं मान डोलावली होती. अशी तीन शहाणी माणसं एका मिठाच्या खड्याभोवती उभी राहिली आणि कुणीच खाली वाकून तो उचलला नाही.

पुढच्या भट्टीच्या वेळी त्यानं नागूला स्वतः बोलावलं. हे सुचलं तेव्हा त्याला स्वतःच्या डोक्याचं कौतुक वाटलं होतं. मीठ त्यानं टाकायचं नव्हतं. त्यानं फक्त चहा पाजायचा होता. नागूला आजवर कुणी अंगणात बोलावून बसवलं नव्हतं. तो धुतलेला सदरा घालून आला, बिनकानाच्या वाडग्यातून चहा प्याला, आणि उपकार फेडावे म्हणून भट्टीची तोंड भरून स्तुती केली. केशरचा चेहरा उतरला. पुंडलिक तिच्याजवळ जाऊन हळूच म्हणाला, "वयनी, लई बोलला गं. ह्या बारीला मुठीनं भागंल असं वाटत न्हाई." तिनं शेरभर घेतलं. त्याच्या पुढच्या खेपेला पायली. गेल्या वैशाखात तर त्यानं कुमठ्याकडचं पोतंच आणून ठेवलं. सरांनी ते पाहिलं. "हे मीठ कशाला?" "जनावरांस्नी, सर." भट्टीवर जनावर एकही नव्हतं. सर पोत्याकडे बघत म्हणाले, "बरं. ओलं होऊ देऊ नकोस." त्या वैशाखात केशरनं अर्धं पोतं करवंटीनं, एकेक करवंटी ओवाळून, भोकातून आत घातलं. पांढरा धूर भोकातून उलटा आला, तिच्या तोंडावर, पदरात, उताराखाली. तडतड थांबेपर्यंत ती हलली नाही. आणि पुंडलिक दरवेळी त्या घटकेला खाली लाकडांच्या ढिगाशी काहीतरी बघायला गेलेला असायचा. मुकादम ओरडला की पळायचं, हे पायांना पक्कं ठाऊक होतं. इथं फक्त ओरडणारा कुणी नव्हता.

त्या वैशाखातले वाडगे पाहून जपानहून चाळिसांची मागणी आली होती, करणाऱ्याला सहा महिन्यांचं बोलावणं धरून; त्यांतल्या अर्ध्यावर आता तो आला होता. पाठीमागं बावीस वाडगे, त्यांच्यामागं अंधार. त्यानं टेकायला हात भिंतीला लावला आणि हात घसरला. भिंत गुळगुळीत होती. त्यानं नीट पाहिलं. बाजूच्या भोकापासून वर कमानीपर्यंत विटांवर काच चढली होती, हिरवट, ठिकठिकाणी थेंब होऊन लोंबणारी. हे तो विसरला होता, किंवा ही छत्रीही त्यानं त्याच कोपऱ्यात ठेवली होती. कारखान्यातले जुने लोक सांगायचे की एकदा मीठ खाल्लेली भट्टी दुसऱ्या कामाची राहत नाही. पुढं कधीही तापवा, विटा आपल्या अंगातलं मीठ सोडत राहतात. म्हणजे आज सकाळपासून त्याच्या मनात जे चाललं होतं, की ह्या खेपेला नागूला नको, मीठ नको, पोतं ओढ्यात टाकून द्यावं, ते सगळं फुकट होतं. त्यानं नाही टाकलं तर भट्टीच टाकणार होती. केशर भोकाशी उभी राहणार होती, चार दिवस. त्याला एकदम वाटलं की विटा जवळ आल्यात. डोकं वर केलं तर कमान लागली, मागं वाडगे, पुढं तोंडाशी केशरचं अडलेलं अंग आणि तिच्या कडेनं आलेला चार बोटं उजेड. छातीत हवा जाईना. तुकाराम कुंभार असाच बसायचा, खाटेवर, गुडघ्यांवर हात टेकून, समोरची हवा आपल्यासाठी नाही असं बघत.

"अण्णा?" वाऱ्याचा आवाज आला. "काय झालं?"

"काय न्हाई. दमलो."

"परवा गवं शिरलं," ती कुजबुजली. फळी सरकवता सरकवता बोलत होती, दर दोन शब्दांना थांबत. "म्या माळ्यावर. वराडले. पर आवाज भाईर आलाच न्हाई. त्येनी बगितलं माज्याकडं, आणि खातच ऱ्हायलं. लखू डबा घेऊन येस्तवर कोपऱ्याचं खाचर भुईसपाट." ती हसली असावी, कारण खोकला आला. खोकला बराच वेळ चालला. "त्या नागूला ह्या बारी बोलावू नगंस, अण्णा. भट्टी तुजी, पर गळा माजा धरलाय मेल्यानं."

नागूला त्यानं कालच निरोप धाडला होता.

बाहेर चपला वाजल्या. हेरेकर सर आले. ते भट्टीत कधी शिरत नसत. गुडघे चालत नाहीत म्हणायचे, आणि ते खरंही असेल. तोंडाशी ओणवे होऊन त्यांनी आत आवाज टाकला, "पुंडलिक! बेळगावहून फोन लावला होता. तिकीट फेब्रुवारीचं. उळवीची जत्रा झाली की निघायचं!" मग आवाज खाली आणून, "केशर, तुझ्या घशाला काय झालं गं?"

"दिष्ट, सर."

"अगं दृष्ट कसली. हळद घालून दूध घे."

"सर," पुंडलिक आतून म्हणाला. "सर, ती चकाकी... ती राखंची न्हवं."

मग सर अगदी शांतपणे म्हणाले, "कसली आहे ते तिकडे गेल्यावर सांग. त्यांना. मला आत्ता चाळीस वाडगे हवेत." चपला परत वाजत गेल्या. केशरच्या कडेच्या उजेडातून पुंडलिकनं पाहिलं की सर जाताना पोत्याला वळसा घालून गेले, बघायचं नाही म्हणून वळसा घालावा तसा.

त्यानं हातातला वाडगा उलटा केला. 'पुं'. अजून माती होती ती. पाण्यात टाकली असती तर तासाभरात चिखल झाला असता, नावासकट. त्यानं अंगठ्याला थुंकी लावली आणि ठशावर फिरवली. अक्षर आधी फुगलं, मग पसरलं, मग नव्हतंच. त्याला बरं वाटलं. फार नाही, एका वाडग्याएवढं. चाळिसांतलं एक नाव पुसलं की माणूस स्वतःला भला म्हणायला लागतो, हे त्याच्याही ध्यानात आलं, कारण तो मूर्ख नव्हता. मूर्ख असता तर हे सगळं झालंच नसतं. त्यानं तो बिननावाचा वाडगा शिंपल्यांवर टेकवला आणि पुढचा उचलला. त्याचं नाव त्यानं पुसलं नाही. त्याच्या पुढच्याचंही नाही.

उन्हं उतरता उतरता तो शेवटच्या रांगेनं बाहेर ढकलला गेला. दोघांनी मिळून तोंड विटांनी बंद केलं, खाली हातभर जागा ठेवली, आणि ओल जावी म्हणून तिथं नारळाच्या शेंड्यांचा छोटा जाळ केला. मोठी आग उद्या. तो बाजूला बसला, तर केशर खोपटातून करवंटी घेऊन आली. मीठ, मोहरी, सात मिरच्या.

"अजून नागू आला न्हाई," तो म्हणाला.

"भट्टीची न्हवं. माजी काड."

"मी?"

"लखूला न्हाई जमत. तुला माप ठावं हाय." ती धापा टाकत होती. "भट्टीचं तूच सांगायचास न्हवं, मुठीनं भागंना, शेर घे, पायली घे. तुला दिसती दिष्ट. माज्यावर किती हाय, बग."

त्याच्या तोंडात सगळं गोळा झालं. बाप, फावडं, पांढरा धूर, नागूचा धुतलेला सदरा. "वयनी," तो म्हणाला, "ही दिष्ट न्हवं. ऐक माजं. उद्या तू भोकाशी..."

पण तिनं करवंटी त्याच्या हातात रिती केली होती. मीठ मुठीत आलं होतं, आणि मीठ मुठीत आल्यावर बोलायचं नसतं. तिनं घाबरून आपला तळवा त्याच्या तोंडावर ठेवला, घट्ट, मातीनं भेगाळलेला तळवा, आणि डोळ्यांनी रागावली: असं कसं विसरतोस? मग समोर उभी राहिली, हात खाली सोडून, डोळे मिटून, दृष्ट काढताना लहान पोर उभं राहतं तशी. त्याला काय करता आलं असतं? मूठ उघडून मीठ खाली टाकता आलं असतं. एक शब्द बोलता आला असता; नजर परत आली असती म्हणजे तिच्या लेखी आली असती, एवढंच. तो शब्द त्याच्या ओठांशी, तिच्या तळव्याचा मातकट वास होता तिथपर्यंत आला. आणि मागं गेला. त्यानं मूठ तिच्या डोक्यापासून पायापर्यंत सात वेळा उतरवली आणि जाळात टाकली.

बारीकसाच जाळ होता. मीठ तडतडलं, मिरच्यांचा ठसका उठला. ती हलली नाही, म्हणून त्यालाही पळता आलं नाही; पहिल्यांदाच तो तडतड थांबेपर्यंत तोंड न फिरवता उभा राहिला. एवढ्या मिठाचा धूर म्हणजे काहीच नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं ते मिरच्यांचं होतं, असं म्हणायला जागा होती. मीठ चांगलं वाजलं म्हणून केशरच्या तोंडावर समाधान आलं. तिनं भट्टीला हात जोडले, त्याला मान हलवून सांगितलं की बोलू नकोस, आणि मागं न बघता उतार उतरून गेली. उद्या पहाटे ती भोकाशी येणार होती. ह्या गोष्टीबद्दल आता तिच्याशी कधीच बोलायचं नव्हतं. तशी रीतच होती.

अंधार पडायच्या आधी पलीकडच्या उतारावरून डबा वाजायला लागला. हाळी नव्हती. ठोके एका लयीत नव्हते, डोंगराला लागून परतही येत नव्हते. खाचराच्या कडेलाच विरत होते. पुंडलिक जाळासमोर बसून ऐकत राहिला आणि न ठरवता त्याच्या मनात बेरीज झाली. हेरेकर सरांची भट्टी जपानात पोचणार होती, आणि विचारलं तर त्यांना काही माहीत नव्हतं. नागूला बसायला एक अंगण मिळालं होतं, त्या बदल्यात केशरचा गळाही आता त्याच्याच नजरेवर मांडला गेला होता, फणसांच्या ओळीत. स्वतः पुंडलिकच्या नावावर एकोणचाळीस बुडं. मीठ कुमठ्याचं, काड केशरच्या खाचरातलं, हात केशरचे, आणि चकाकीच्या बदल्यात गेलेला आवाज, तोही केशरचाच. बाकी कुणाचं काही गेलं नव्हतं.